रुग्णसेवा : औषधाइतकीच आधाराची
(रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला आरोग्यावर बोलायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेलं. त्यामुळे औषधं सुचवणार नाही. जे मोजून सिद्ध झालं आहे तेवढंच सांगतो. त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. १९८२ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतली ही गोष्ट आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दवाखाना उभारण्यापूर्वी आदिवासी बांधवांना विचारलं, तुम्ही रुग्णालयात का येत नाही? उत्तरं विचार करायला लावणारी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढरं कापड प्रेताला गुंडाळतो! मग शोधग्रामात गावातल्यासारख्या झोपड्यांचं रुग्णालय झालं, नातेवाइकांची राहण्याची सोय झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. मनातली भीती गेल्याशिवाय औषध पोटात जात नाही, हा त्यातला धडा.

पुढचं काम तर जगभर गाजलं. नवजात बाळं दगावत होती आणि रुग्णालय दूर. ‘सर्च’नं ३९ गावांमध्ये गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. ही बाई बाळंतिणीच्या घरी जायची. बाळाचं वजन आणि ताप बघायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर शिकवल्याप्रमाणे उपचार करायची. त्याचबरोबर आईशी आणि सासूशी बोलायची: बाळाला लगेच अंगावर पाजा, ऊबदार ठेवा, हात धुऊन मगच घ्या, अमुक लक्षण दिसलं तर मला निरोप पाठवा. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने इथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी भेटी देतात.

यात यंत्रसामग्री फार नव्हती. वेळेवर पाहणं, समजेल अशा भाषेत सांगणं आणि पुन्हा जाऊन विचारणं, एवढंच. शुश्रूषा आणि समुपदेशन म्हणतात ते हेच.

आता आपल्या इमारतींकडे वळू. आपल्यातल्या अनेकांची मुलं पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात आहेत. घरी दोघंच, काही ठिकाणी एकटंच माणूस. दवाखान्यातून सुट्टी मिळताना हातात फाइल आणि गोळ्यांची पिशवी येते. घरी आल्यावर कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, याचा गोंधळ होतो. बरं वाटलं की बीपीची गोळी परस्पर बंद केली जाते. इन्सुलिनची सुई टोचायची भीती वाटते. ऑपरेशन चांगलं होऊनही जखम चिघळते, कारण ती लाल झाल्याचं कोणी पाहिलेलंच नसतं. रात्री छातीत कळ आली तरी ‘लोकांना कशाला त्रास’ म्हणून आपण सकाळ होण्याची वाट बघतो. मंडळी, ही वाट जिवावर बेतू शकते.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, सुट्टी घेताना घाई करू नका. नर्सताईंना प्रत्येक गोळीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून मागा. त्यांनी सांगितलेलं त्यांच्यासमोरच परत म्हणून दाखवा. काय समजलं नाही ते तिथंच कळतं. कोणत्या लक्षणाला ताबडतोब यायचं, हेही विचारून घ्या.

दुसरी विनंती समितीला. रौप्यमहोत्सवी निधीतून उरलेल्या पैशांत प्रवेशद्वाराची कमान मोठी करावी, अशी सूचना आली आहे. कमान जरूर व्हावी. पण आधी कार्यालयात बीपीचं यंत्र, वॉकर, कमोडची खुर्ची एवढं तरी ठेवू या. अनुभवी परिचारिकेला मानधन देऊन प्रत्येक इमारतीतल्या दोघांना प्राथमिक शुश्रूषा शिकवू या. दवाखान्यातून घरी आलेल्या सभासदाकडे या दोघांनी पहिले पंधरा दिवस रोज दहा मिनिटं जावं. उपचार डॉक्टरच करतील; यांनी फक्त बघायचं, विचारायचं आणि गरज पडली तर गाडी काढायची.

पाच-दहा इयत्ता शिकलेल्या भगिनींनी जंगलातल्या गावांत जे करून दाखवलं, ते आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या वसाहतीला कठीण नाही. इच्छुकांनी आपली नावं कार्यालयात द्यावीत. पहिलं नाव मी देत आहे.