श्रीलंकेला जाताय? आधी किनारा ठरवा

"जुलैत श्रीलंकेचं तिकीट स्वस्त मिळतंय, काढू का?" असं बरेच जण विचारतात. काढा की. फक्त हॉटेल बुक करायच्या आधी नकाशा उघडा.

मी उघडला नव्हता. जुलैत थेट मिरिस्साला, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावर गेलो. तिथे मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून असतो. आपल्या कोकणात येतो तोच! जुलैत दापोलीला मी समुद्रात पाय ठेवत नाही, आणि इथे लाल बावटा दिसत असूनही उतरलो. पाणी कमरेएवढंच होतं. अचानक ओढ लागली. मी किनाऱ्याच्या दिशेने हात मारतोय आणि मागेच जातोय. शेवटी एका सर्फिंगवाल्या दादाने फळीवर ओढून घेतलं. अशा वेळी ओढीशी झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. हे त्यानेच सांगितलं, नंतर, चहा पिताना.

त्याच महिन्यांत पूर्व किनारा बहुतेक कोरडा असतो. पोहायचं असेल तर त्रिंकोमालीजवळचं निलावेली बघा; अरुगम बे सर्फिंगवाल्यांचं, तिथे लाटा मोठ्या. डिसेंबर ते मार्च जाणार असाल तर उलट, दक्षिणेला गॉल-मिरिस्सा.

आणि हो, बौद्ध मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर तोही झाका. 2014 मध्ये एका ब्रिटिश पर्यटक बाईंना त्यावरून देशाबाहेर पाठवलं होतं.