क्लच कां घसरतो?

इंजिनांत जोर भरपूर असावा, आणि तो मागच्या चाकापर्यंत मात्र पोहोंचूं नये, हा प्रकार ऐकावयास चमत्कारिक वाटतो. पण घाट चढतांना तो पुष्कळ मोटरसायकलस्वारांच्या वाट्यास येतो. समजा, सासवडचा एक किराणा दुकानदार पुण्याहून मालाचीं दोन पोतीं मागें बांधून दिवेघाट चढत आहे. निम्म्या चढावर तो मूठ अधिक पिळतो. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र चढत नाहीं. मागून मालमोटारी भोंगे वाजवूं लागतात, कडेला सरकावयास जागा नसते, आणि स्वाराच्या अंगाला दरदरून घाम फुटतो. घरीं पोहोंचल्यावर त्याची समजूत होते कीं, इंजिन म्हातारें झालें. दुसऱ्या दिवशीं तो कारागिराला पिस्टन बदलावयास सांगतो. कारागीर उतावळा असला तर तोही मान डोलावतो, आणि सणासुदीसाठीं बाजूला ठेवलेले कांहीं हजार रुपये निष्कारण खर्ची पडतात. गाडी पुढच्या चढावर पुन्हां तशीच रडते. कारण दोष इंजिनाचा नव्हताच, क्लचचा होता.

क्लच हा इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामधला दुवा होय. एका लहानशा डब्यांत दोन जातींच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाचा लेप दिलेल्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, व पोलादी चकत्या गिअरपेटीच्या दांड्याशीं जखडलेल्या असतात. स्प्रिंगा हा सगळा थर घट्ट दाबून धरतात, म्हणून तो एकजीव होऊन फिरतो. डाव्या हातानें लीव्हर ओढला कीं दाब सुटतो, चकत्या मोकळ्या होतात व गिअर बदलतां येतो. सारी मदार दाबावर आणि पृष्ठभागाच्या पकडीवर असते. यांपैकीं एक उणें पडलें कीं चकत्या एकमेकींवर घसरूं लागतात, तापतात, आणि तापल्यामुळें अधिकच झिजतात.

दोष ओळखण्याची कसोटी सोपी आहे. सपाट रस्त्यावर, मागेंपुढें वाहन नसतांना, वरच्या गिअरांत ताशीं ४० किलोमीटरच्या सुमारास गाडी चालवावी व मूठ एकदम पिळावी. क्लच धड असला तर आवाज आणि वेग बरोबरीनें, सावकाश चढतात. इंजिनच अशक्त असलें तर आवाजही चढत नाहीं, तें घुसमटतें. पण आवाज उसळला आणि गाडी होती त्याच चालीनें राहिली, तर क्लच घसरत आहे हें निश्चित समजावें. जळकट वास आला तर दुखणें बरेंच पुढें गेलें आहे. जुन्या बुलेटवर आणखी एक खूण मिळते. तिच्या किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाकडे जातो. म्हणून क्लच फारच गेला असेल तर किक पोकळ खालीं जाते.

आतां उपाय. येथें बहुतेकांची एक मोठी गफलत होते. क्लच घसरला म्हणजे तार ढिली झाली असावी, असें समजून लोक ती आणखी ताणतात. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. ढिली तार क्लच पुरता सुटूं देत नाहीं, म्हणून गिअर खडखडतात. ताठ तार क्लच पुरता बसूं देत नाहीं, म्हणून तो घसरतो. शिवाय चकत्या जसजशा झिजतात, तसतसा त्यांचा थर पातळ होतो आणि दाबपट्टी आंत सरकते. सुटका करणाऱ्या दांडीला ती त्यामुळें आधींच टेकूं लागते, आणि तारेला कोणीं हात न लावतांही तिचा ढिलेपणा नाहींसा होतो. तेव्हां लीव्हरच्या टोंकाशीं १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. बहुतेक नित्याच्या गाड्यांना एवढी पुरते. नेमका आंकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत असतो. हालचाल नसल्यास लॉकनट सैल करून तार ढिली करावी, आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ती टिकते कीं नाहीं तें पाहावें. तार नळींत अडकत असेल तर ती बदलणेंच बरें. पुष्कळदां दुखणें येथेंच मिटतें, आणि त्याला एक पैसाही पडत नाहीं.

तरीही क्लच घसरला तर तेलाची चौकशी करावी. आजच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलांत बुडालेला असतो. मोटारगाडीसाठीं बनविलेल्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. इंजिनाला तीं मानवतात, पण क्लचला तीं वैरी होत. डब्यावर 'जासो एमए' अशी खूण असलेलें तेलच घालावें. बुलेटच्या जुन्या घडणीच्या गाड्यांत क्लचच्या पेटीचें तेल वेगळें असतें. त्याचें प्रमाण वाढलें तरीही क्लच घसरूं शकतो. चुकीचें तेल काढून टाकल्यावर चकत्या कधीं आपोआप सुधारतात, कधीं सुधारत नाहींत.

एवढ्यावरही न भागल्यास पेटी उघडावी लागते. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करावेत. घर्षणचकत्यांची जाडी मोजावी. मर्यादेपेक्षां कमी भरल्यास सगळ्या चकत्या बदलाव्या, दोनतीनच बदलून काटकसर करूं नये. पोलादी चकती कांचेवर ठेवून वांकली आहे काय तें पाहावें. ती जळून निळसर पडली असेल तर तिला रजा द्यावी. स्प्रिंगा आंखूड झाल्या असतील तर त्याही एकदम सर्व बदलाव्या. नव्या घर्षणचकत्या बसविण्यापूर्वीं तेलांत भिजत ठेवाव्या. कोरड्या बसविल्यास त्या पहिल्याच फेरींत करपतात. जुनें पॅकिंग पुन्हां वापरण्याचा मोह टाळावा, नाहीं तर अंगणांत तेलाचे डाग पडतील आणि घरांतून बोलणीं खावीं लागतील.

चकत्या अकालीं झिजतात त्या बव्हंशीं संवयीमुळें. चढावर उभें राहतांना ब्रेक न दाबतां अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरणें, हें त्यांचें सर्वांत मोठें कारण. लीव्हरवर सदैव बोटें ठेवून चालविणें हें दुसरें. बोटांचा भार स्वाराला जाणवतही नाहीं, पण स्प्रिंगांचा दाब तेवढा उणा होतो. आणि घाटांतच क्लच घसरूं लागला तर मूठ अधिक पिळूं नये. खालचा गिअर टाकावा, मूठ बेतानें धरावी, जागा मिळतांच कडेला थांबून क्लच निवूं द्यावा, आणि शक्य असल्यास एक पोतें मागून येणाऱ्या ओळखीच्या टेंपोंत टाकावें.