विरोधी बाकावरील तरुण प्रतिनिधी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिरूर आणि दौंड यांच्यामध्ये भीमा वाहते. आपल्या सोयरिकी दोन्ही तीरांवर आहेत. परंतु लोकसभेसाठी शिरूरकरांचे मत शिरूर मतदारसंघात पडते, तर दौंडकरांचे बारामतीत. असे असूनही डिसेंबर २०२३ मध्ये एके दिवशी दोन्ही तालुक्यांची लोकसभेतील जागा एकदमच रिकामी राहिली. त्याविषयी चार शब्द बोलावे, असा माझा विचार आहे.

शिरूरचे सभासद डॉ. अमोल कोल्हे हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर. पुढे ते नट झाले आणि संभाजी महाराजांच्या भूमिकेने घरोघरी पोहोचले. चाळिशी गाठण्यापूर्वीच, २०१९ साली, त्यांनी तीन वेळा निवडून आलेले शिवाजीराव आढळराव पाटील यांचा सुमारे ५८ हजार मतांनी पराभव केला. नटाला टाळ्या मिळतात. विरोधी सभासदाला मोजकी मिनिटे मिळतात. त्याने स्वतःचे विधेयक आणावे, तर १९७० नंतर खासगी सभासदाचे एकही विधेयक कायदा झालेले नाही. राहता राहिला प्रश्न. तोंडी उत्तरासाठी दिवसाला वीसच प्रश्न घेतले जातात, त्यांतही चिठ्ठीत नाव निघावे लागते. तरीही मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावयास लावणारे हे आयुध सामान्य नव्हे.

१३ डिसेंबर २०२३ रोजी दोन तरुणांनी प्रेक्षक-सज्जातून लोकसभेत उड्या घेतल्या. गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, या मागणीसाठी विरोधकांनी गोंधळ केला, फलक नाचविले. १९ तारखेला एकोणपन्नास सभासद निलंबित झाले. त्यांत डॉ. कोल्हे होते, आणि दौंड ज्यांच्या मतदारसंघात येते त्या श्रीमती सुप्रिया सुळेही होत्या. दुसऱ्याच दिवशी दंडसंहितेसह तीन जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी येणारी विधेयके लोकसभेत संमत झाली. सभागृहात फलक नाचविणे मला पसंत नाही. वर्गात मी ते चालू दिले नसते. पण मास्तराने मुलाला वर्गाबाहेर काढले, तर त्या एकट्याचा पाठ बुडतो. येथे लाखो मतदारांचा बुडाला, आणि तोही कायदा बदलण्याच्या दिवशी.

त्याच महिन्याच्या ८ तारखेला, लाल कांदा बाजारात येण्याच्या ऐन वेळी, निर्यातबंदी झाली होती. सभागृहाचे दार बंद झालेले हे दोघे २७ डिसेंबरला शिवनेरीहून मोर्चा घेऊन निघाले व ३० तारखेला पुण्यास पोहोचले. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही निर्यातशुल्क ठेवून. ती मोर्च्यामुळेच उठली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. निवडणूकही तोंडावर होती.

मध्यंतरी, २ जुलै २०२३ रोजी, त्यांचा पक्ष फुटला. श्री. अजित पवार यांच्या शपथविधीस डॉ. कोल्हे उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण शरद पवारांसोबत असल्याचे जाहीर केले. यावरून टीका झाली, ती अस्थानी नव्हती. मात्र पुढे ते विरोधी बाकावरच राहिले, आणि २०२४ साली त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मताधिक्य सुमारे १ लाख ४० हजारांवर गेले.

सभासदांचे प्रश्न व मंत्र्यांची उत्तरे लोकसभा प्रसिद्ध करते. शिरूर व बारामती या दोन्ही मतदारसंघांच्या नावावरील प्रश्नोत्तरे आपल्या विद्यार्थ्यांनी दर अधिवेशनानंतर काढून घरी मोठ्याने वाचून दाखवावीत. कांद्याविषयी कोणी केव्हा काय विचारले, हे ज्याने कांदा पिकविला त्याला तरी समजावे.