विद्या आणि उंबरठा



मठाच्या वर्धापनदिनी अन्नदान व विद्यादान यांचे स्मरण सहजच होते. त्यांच्याच पंक्तीस बसणारे तिसरे दान म्हणजे प्राणदान. ते केवळ मोठ्या रुग्णालयातच घडते, हा समज अपुरा आहे. त्याचा दाखला दूर शोधावयास नको. तो बेळगाव जिल्ह्यातच आहे.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण होय. तो रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि ते टोचावयास शिकलेला हात हवा. खेड्यातील घरी, अपरात्री, ही दोन्ही दुर्लभ. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र शीतपेटीवाचून टिकते व तोंडाने घेता येते. पण ती गुणकारी ठरेल काय?

हा प्रश्न बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह हाती घेतला. २००२ ते २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरातील १६२० स्त्रिया या प्रयोगात सहभागी झाल्या. घरी वा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांनीच निम्म्या स्त्रियांना ही गोळी दिली, निम्म्यांना औषधविरहित गोळी. कोणाच्या वाट्यास कोणती आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत शेकडा १२ जणींस अतिरक्तस्राव झाला. औषध घेणाऱ्यांत शेकडा ६.४. हा निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

परंतु निबंध छापला म्हणजे प्राण वाचला, असे नव्हे. शास्त्र आणि उंबरठा यांच्यामध्ये परिचारिका, आशा कार्यकर्ती आणि घरची सासू उभी असते. ही गोळी मूल जन्मल्यावरच आणि जाणत्या हातूनच द्यावयाची. अवेळी दिल्यास ती घातक ठरते. हे सासूबाईंना समजेल अशा भाषेत, निपाणीच्या घरी मराठीत तर शेजारी कन्नडमध्ये, सांगणारे कोणी हवे. आज बहुतेक बाळंतपणे रुग्णालयांत होतात. तरीही अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीस थोडाही रक्तस्राव सोसत नाही. म्हणून गरोदर सुनेची नोंद वेळेवर करणे, तिचे रक्त तपासून घेणे व तिला पोटभर जेवू घालणे, हे प्रत्येक भक्ताच्या घरचे कर्तव्य होय.

पाठशाळेत शिकलेला पाठ आचरणात उतरला तरच ती विद्या. तद्वत् संशोधनही बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोहोचेल तेव्हाच ते सार्थ. ते तेथवर पोहोचविण्याची बुद्धी सर्वांस लाभो, हीच या मंगलदिनी गुरुचरणी प्रार्थना.