घरचा बर्गर : एक तिखट, एक गोड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला चार माणसांत उभे राहून बोलायची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि तेही शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा झालेले. पण गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला मी जो पदार्थ आणला होता, तो कसा केला हे पुष्कळ जणींनी विचारले. एकेकीला सांगता सांगता माझी भाजी करपली. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता एकदाच सगळ्यांना सांगून टाक." म्हणून ही उभी आहे. बोलण्यात काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

पदार्थाचे नाव बर्गर. नाव ऐकून आमच्या सासूबाईंनी नाक मुरडले होते, तसे इथेही कोणी मुरडले असेल. पण हे माझ्या घरात कसे शिरले ते आधी सांगते.

माझी धाकटी मुलगी पुण्याला कॉलेजात जाते. सकाळी अंधारात उठून मी तिला भाकरी-भाजी बांधून देते. गेल्या वर्षी असे लक्षात आले, की डबा रिकामा येतो, पण पोरगी घरी आल्यावर भुकेने कासावीस असते. एके दिवशी घाईत ती पिशवी दाराशीच टाकून गेली आणि डबा माझ्या हाती लागला. भाकरी तशीच्या तशी. मी विचारले तर खाली मान घालून म्हणाली, "रोज येताना फाट्यावरच्या कुत्र्याला घालते." माझ्या मनाला ते फार लागले. रागावले, बोलू नये ते बोलले. मग तिचा वाढदिवस जवळ आला. मी म्हटले, "मैत्रिणींना घरी बोलाव." तर म्हणते, "घरी बोलावून खायला काय देणार? त्या बर्गर खाणाऱ्या आहेत." ती रागाने बोलली नाही हो, सहज बोलली. पण रागाने बोललेले विसरता येते, सहज बोललेले राहते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी मनाशी म्हटले, हा बर्गर म्हणजे आहे तरी काय? पाव, मध्ये कटलेट, वर चटणी. आपला वडापाव तरी दुसरे काय आहे? तो १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात. कच्छकडची दाबेली घ्या. तीही पावातलीच, आणि गोड-तिखट दोन्ही. बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग गावावरून पडले, आणि अमेरिकेत तो मांसाचा करतात. त्या अमेरिकन कंपनीची दुकाने १९९६ साली आपल्या देशात आली, आणि इथल्या माणसांसाठी त्यांनाही बटाट्याची टिक्की करावी लागली. म्हणजे त्यांनाही आपला बटाटेवडा शिकावाच लागला! मग आपणच का करू नये?

सकाळी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी पाव खाल्ला की माणूस बाटला म्हणायचे, आणि तू घरात भाजायला निघालीस?" मी म्हटले, "आत्या, पाव पोर्तुगीजांनी गोव्यात आणला हे खरे. पण बटाटा, मिरची आणि अननससुद्धा त्यांच्याच जहाजांतून आले. मिरची नको म्हणाल का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मिरची राहू दे. आत घालणार काय ते सांग."

आत काय घालायचे हा प्रश्न मला पडलाच नाही. आमच्या मागच्या अंगणात फणस आहे. मुळशीचे धरण होताना आपल्या तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली, त्यासाठी १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला, हे आपण सगळ्या ऐकत आलो आहोत. आमच्या घरचे मूळ माणूस तिथलेच. उठताना भांडीकुंडी घेतली तशा पदरात चार आठळ्याही घेतल्या, असे सासूबाईंना त्यांच्या सासूने सांगितले होते. त्यातले एक झाड आज उभे आहे. पण दर वर्षी निम्मे फणस खाली पडून कुजतात, माश्या घोंघावतात, आणि घरातली तरुण माणसे म्हणतात की तोडून टाका, जागा मोकळी होईल. सासूबाई त्यावर काही बोलत नाहीत, उठून आत जातात. तेव्हा मी ठरवले, की टिक्की करायची ती कोवळ्या फणसाचीच.

आता कृती सांगते. नीट ऐका, कारण मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत.

आधी पाव. लादीपाव आणला तरी चालतो, पण घरचा गोल पाव केला तर चव निराळी. पाव किलो मैदा घ्या. निम्मी कणीक घातली तरी चालते, फक्त पाव थोडा जड होतो. एक वाटी कोमट दुधात एक मोठा चमचा साखर आणि एक लहान चमचा कोरडे यीस्ट घालून दहा मिनिटे झाकून ठेवा. दूध एवढेच कोमट, की बोट सहज बुडवता यावे. कढत दुधात यीस्ट मरते, मग पाव फुगत नाही. माझा पहिला घाणा असाच दगड झाला. दुधावर फेस आला की मैदा, अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे तूप घालून मळा. एकदम सगळे दूध ओतू नका, पीठ मागेल तसे घाला. दहा मिनिटे चांगले रगडून मळा. पीठ हाताला चिकटायचे थांबले आणि ताणले की तुटेनासे झाले, म्हणजे झाले. तास-दीड तास झाकून ठेवा, दुप्पट होईल. मग सहा गोळे करून ताटलीत अंतराअंतराने ठेवा आणि अर्धा तास पुन्हा फुगू द्या. वरून दुधाचे बोट फिरवा.

भाजायला भट्टी लागत नाही. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात किंवा कढईत बोटभर जाड मीठ पसरा, वर कड्याचे स्टँड ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटे भाजा. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायला विसरू नका. पावाला खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज आला पाहिजे.

आता फणस. कोवळी कुयरी घ्या, आठळी धरायच्या आतली. विळीला आणि हाताला गोडे तेल लावूनच चिरा. चीक लागला तर पाण्याने जात नाही, तेलानेच जातो. साल आणि मधला दांडा काढून अर्धा किलो फोडी करा. हळद-मीठ घालून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्या. मग निवल्यावर फडक्यात बांधून घट्ट पिळा. या पिळण्यातच सगळे आहे! मी पहिल्या वेळी पिळले नाही. तव्यावर टाकताच टिक्की विरघळली, तेल उडाले, मनगट भाजले. मी रडकुंडीला आले. तेव्हा सासूबाई चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "त्याला धरून ठेवणारे काही नको का? सकाळचा भात आण." आपला आंबेमोहोर मऊ आणि चिकट होतो. त्यांनी अर्धी वाटी भात हाताने चुरून त्यात घातला, आणि टिक्की दगडासारखी जमली. एवढी वर्षे मी शिळ्या भाताला फोडणीच देत होते.

तर पिळलेला फणस कुस्करा. त्यात एक उकडलेला बटाटा, अर्धी वाटी भात, दोन चमचे भाजलेले डाळीचे पीठ, आले-लसूण-मिरचीचे वाटण, एक चमचा गोडा मसाला, मूठभर कोथिंबीर, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. आठ चपट्या टिक्क्या होतात. बारीक रव्यात घोळून अर्धा तास ठेवा, मग तव्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. सारखे उलथणे घालू नका. एक बाजू धरली की मगच उलटा.

बाहेरच्या बर्गरात पांढरे घट्ट काहीतरी असते. त्याच्या जागी मी चक्का घातला. दही चार-पाच तास फडक्यात टांगून, त्यात एक पाकळी लसूण आणि मीठ. मात्र उन्हाळ्यात चक्का बाहेर राहू देऊ नका, आंबतो. आणि बाटलीतल्या लाल सॉसच्या जागी मेथांबा. कैरी, गूळ, मेथीची फोडणी, लाल तिखट. आंबट, गोड, तिखट आणि जरा कडसर. त्याच्यापुढे बाटली काय करणार? शेवटी अननसाची पातळ चकती, तिखट-मीठ भुरभुरून, तव्यावर दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजलेली. पाव कापून तव्यावर शेकायचा, खाली चक्का, वर टिक्की, अननस, मेथांबा, कांदा. झाला तिखट बर्गर.

आता गोडाचा. दोन चमचे तुपावर पाव वाटी रवा आणि अर्धी वाटी नाचणीचे पीठ खमंग भाजा. त्यात दोन चांगली पिकलेली केळी कुस्करून, एक वाटी ओला नारळ, अर्धी वाटी गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर हलवत राहा. गोळा कढईपासून सुटू लागला की उतरवा. निवल्यावर हाताला तूप लावून चपट्या टिक्क्या थापा आणि तुपावर हलक्या हाताने परता. पाव तुपावर शेका, त्यात ही टिक्की, वर साखर घातलेला चक्का, आणि वैशाख-ज्येष्ठ असेल तर आंब्याची फोड, एरवी अननस. भरला की लगेच खायचा, नाहीतर पाव भिजून बसतो. दातांची तक्रार असलेल्या वडील माणसांना हा फार आवडतो. आमच्या सासूबाईंनी दोन खाल्ले. पाव बाटवतो हे त्या दिवशी त्यांना आठवले नाही.

वाढदिवसाला पाच मुली आल्या. मी दाराआड उभी होते, छाती धडधडत होती. एक मुलगी म्हणाली, "काकू, हे मटण आहे का?" मी म्हटले, "नाही ग बाई, फणस आहे." त्या सगळ्या उठून मागे झाड बघायला गेल्या. सासूबाईंनी काठी टेकत त्यांना पाण्याखालच्या गावची गोष्ट सांगितली. माझ्या मुलीनेही ती नीट ऐकली ती त्याच दिवशी. तिला वाटे, आजी नेहमीचेच काहीतरी पुटपुटते.

मुलगी मला काही बोलली नाही. आजकालच्या मुली बोलत नाहीत. पण सोमवारी डबा भरताना म्हणाली, "आई, भाकरीसोबत मेथांबा दे. जरा जास्त दे, त्या मागतात." आता ती बाहेरचे खातच नाही असे मी सांगणार नाही, ते खोटे होईल. महिन्यातून एखादे वेळी खाते, आणि येऊन सांगते. डबा मात्र तिच्याच पोटात जातो. फाट्यावरचे कुत्रे आमच्यावर नाराज असेल!

आणि झाड अजून उभे आहे. यंदा कुयऱ्या आम्ही वेळेवर काढल्या, शेजारीपाजारी दिल्या. तोडायची गोष्ट या वर्षी कोणी काढली नाही. पुढच्या वर्षी काढतील, तेव्हा बघू.

मैत्रिणींनो, मला एवढेच सांगायचे आहे. मुले नवे काही मागतात तेव्हा आपण एकदम चिडतो, मीही चिडले होते. त्यांना आपले घर नको असते असे नाही. त्यांना चार जणांत मान खाली घालायची नसते, इतकेच. तेव्हा नाव त्यांचे घ्यावे, आणि आत आपल्या परसातले भरावे. पावसाळ्यात आपल्या रस्त्याने ताम्हिणीकडे जाणाऱ्या मोटारी तुम्ही बघताच. मंडळाने मनावर घेतले तर कोवळा फणस आणि मेथांबा यांवर चार बायांच्या हाताला काम मिळेल, असेही माझ्या मनात आहे. कुयरी चैत्रात निघते आणि पाऊस आषाढात, तेव्हा उकडून पिळून ती टिकवायची कशी याचा विचार करावा लागेल. त्याबद्दल बैठकीत बोलू.

बाहेर ताटांत दोन्ही प्रकार ठेवले आहेत, तिखट डावीकडे आणि गोड उजवीकडे. थंड होण्याआधी खा आणि काय कमी पडले ते मोकळेपणाने सांगा.