राणीची बाजू



अरुण दाते यांनी गायिलेलं ‘भातुकलीच्या खेळामधली’ हे भावगीत तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल यशवंत देवांची. दोघांनीही मुंबई आकाशवाणीवर काम केलेलं. प्रेमात हरलेल्या राजाचं गाणं म्हणून आपण ते ऐकतो. मला ते राणीचं वाटतं.

पहिल्या कडव्यात राजा मोठ्या विश्वासानं सांगतो की, तुझं मन मला न बोलताच कळलं, तुझ्या हातावरच्या रेषांशी माझं नशीब जुळलं आहे. ते ऐकून राणीच्या डोळ्यांत पाणी येतं. का, ते कवी सांगत नाही. पुढच्या कडव्यात ती बोलते. नजर दूरच्या ताऱ्यावर खिळलेली, आणि बोलणं उद्याच्या पहाटेचं, वेगळ्या वाटांचं, दुसऱ्या गावाचं. राजाला त्याचा अर्थ कळतो तो फार उशिरा. अबोल भाषा उमगली म्हणणाऱ्याला तिनं शब्दांत सांगितलेलंच समजलं नाही! सगळ्या गाण्यात ही जागा मला सर्वांत जिव्हारी लागते.

हे एकतर्फी प्रेम, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. प्रेम नसतं तर ती रडली कशाला असती? शेवटच्या कडव्यात दूर जाताना डोळे का मिटले असते? आपल्याकडे मुलीनं कोणत्या गावी नांदायचं हे पिढ्यान्‌पिढ्या इतरांनीच ठरवलं. राणीला ते ठाऊक आहे. दैवानं असं का केलं, असं राजा तरी विचारू शकतो. तिच्या वाट्याला तेवढाही आक्रोश नाही. आणि कवी दोघांपैकी कुणालाच दोष देत नाही. उत्तर न देता तो प्रश्न विचारत जातो.

यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. शब्दांना आधी मान देण्याचा तो विचार या चालीत ऐकू येतो. प्रत्येक प्रश्न पुरता उच्चारला जातो, सुरांखाली दबत नाही. इंदूरच्या दात्यांचा मऊ आवाजही कुठं रडका होत नाही, म्हणून दुःख अधिक खोल जातं.

पुढच्या वेळी हे गाणं लागलं की राजाचं गाऱ्हाणं क्षणभर बाजूला ठेवा आणि दुसरं कडवं नीट ऐका. राणी काय सांगते आहे, ते तरी आपण वेळेवर ऐकू या.