कानाने चालवायची मोटार

मोटारगाडी म्हटली की वेग, आराम आणि ऐश्वर्य या तीन गोष्टी आपल्या मनात प्रथम उभ्या राहतात. आज ज्या गाड्यांविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्यांच्यापाशी यांपैकी एकही गोष्ट विशेष नाही. त्या आकाराने लहान, शक्तीने बेताच्या आणि वयाने पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. त्यांत वातानुकूलन नाही. उन्हाळ्यात त्या तापतात आणि पावसाळ्यात कधीकधी रुसून बसतात. असे असूनही या लहान ब्रिटिश बांधणीच्या गाड्या जिवापाड जपणारी माणसे जगभर आहेत आणि आपल्याकडेही आहेत. हा नाद नुसता जुन्याच्या हौसेचा आहे, की त्यामागे जतन करण्याजोगे काही आहे, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

मी राहतो सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया या भागात. बारडोलीकडे जाणारा रस्ता येथूनच निघतो. दिवसा कापडाच्या गाठींनी लादलेले टेंपो आणि मालमोटारी यांच्या गर्दीत येथे पाऊल ठेवावयास जागा नसते. परंतु रविवारी पहाटे तासभर रस्ता मोकळा असतो. त्या वेळी माझी जुनी स्टँडर्ड हेरल्ड बाहेर निघते. आणखी दोन स्नेही आपापल्या गाड्या घेऊन येतात, एकाची लँडमास्टर आणि दुसऱ्याची मॉरिस मायनर. कडोदऱ्यापर्यंत जावे, चहा घ्यावा, वाटेत कोणाच्या गाडीने कोणता नवा सूर काढला याची चर्चा करावी आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे, एवढाच आमचा कार्यक्रम.

या गाड्या लहान का झाल्या, याची कथा मनोरंजक आहे. इंग्लंडमध्ये 1921 पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजली जात नसे. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांवरून ती एका सूत्राने ठरविली जाई. साहजिकच कारखानदारांनी अरुंद सिलिंडरांची लहान इंजिने काढली. 1922 साली आलेली ऑस्टिन सेव्हन ही अशांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तिचे इंजिन जेमतेम 747 घनसेंटिमीटरांचे होते, म्हणजे आजच्या कित्येक मोटारसायकलींपेक्षाही लहान. ज्याला तोवर मोटारसायकल आणि तिला जोडलेली डबी यांवर समाधान मानावे लागे, त्या मध्यमवर्गीय कुटुंबाला या गाडीने चार चाके दिली. हा अश्वशक्तीचा कर 1948 च्या आरंभी रद्द झाला. त्याच वर्षी ॲलेक इसिगोनिस यांची मॉरिस मायनर बाहेर पडली. तयार नमुना फार अरुंद दिसतो असे वाटल्यावरून इसिगोनिस यांनी तो मधोमध उभा कापविला आणि दोन भागांत चार इंचांचे अंतर ठेवून पुन्हा जोडविला. पुढे 1956 च्या सुवेझ संकटात पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा याच गृहस्थांकडे आणखी लहान गाडीचे काम आले आणि 1959 च्या ऑगस्टमध्ये मिनी जन्मास आली. कर, टंचाई आणि बेताची मिळकत या तीन अडचणींनी या गाड्यांना आकार दिला.

लहानपणामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली. गाडी स्वस्त, यंत्र साधे आणि सुटे भाग सहज मिळणारे. तेव्हा ती उघडून पाहण्याचे धाडस सामान्य माणसास झाले. 1939 साली इंग्लंडमध्ये ऑस्टिन सेव्हनच्या हौशी मंडळींनी 750 मोटर क्लब स्थापन केला. पुढे शर्यतीच्या मोटारी बांधून जगप्रसिद्ध झालेले कॉलिन चॅपमन यांनी आपली पहिली गाडी 1948 साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच रचली होती. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेन यांनीही पहिली शर्यत ऑस्टिन सेव्हनमधूनच केली. धनवानांच्या या खेळात बेताच्या मिळकतीची मुले शिरली ती पैशाच्या बळावर नव्हे, तर पाना आणि पकड यांच्या बळावर.

आपल्या देशात या गाड्यांनी वेगळीच वाट चोखाळली. हिंदुस्तान मोटर्सचा पहिला जुळणी-कारखाना 1942 साली याच गुजरातच्या किनाऱ्यावर, ओखा बंदरात उभा राहिला. 1948 मध्ये तो बंगालमधील उत्तरपाड्यास गेला. तेथे मॉरिस मायनर ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने निघू लागली आणि मॉरिस ऑक्सफर्डपासून लँडमास्टर व पुढे ॲम्बॅसडर झाली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून हेरल्ड बनविली. 1953 साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि केवळ बाहेरचे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्या मुंबईतून निघून गेल्या. मग मोजके कारखाने, मोजक्या गाड्या आणि नोंदणीनंतर वर्षानुवर्षांची प्रतीक्षा असा काळ आला. घरात आलेली गाडी दोन पिढ्या चालवावी लागे. इंग्लंडात जो छंद होता, ती आपल्याकडे गरज होती. त्या गरजेतूनच गावोगावचा मोटार-मिस्त्री तयार झाला. त्याला कंपनीने शिकविले नाही, गाडीनेच शिकविले.

हेरल्ड तर अशा मिस्त्रीसाठीच जणू घडविलेली होती. तिचे रूप इटलीच्या मिकेलोत्ती यांनी रेखाटले. परंतु तिची बांधणी अशी होण्याचे कारण व्यावहारिक होते. कंपनीला अखंड सांगाडा पुरविणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला होता. म्हणून स्वतंत्र चौकट घेऊन तिच्यावर निरनिराळ्या ठिकाणी केलेले पत्र्याचे भाग बोल्टांनी बसविण्याची योजना झाली. परिणाम असा की, गाडीचा एखादा भाग चेपला तर तेवढाच उतरवून ठोकता येतो. पुढचे झाकण तर दिव्यांसकट समोर उलटते. मग पुढच्या चाकावर बूड टेकून, जात्यापाशी बसावे तसे इंजिनापाशी बसता येते.

आता या गाडीच्या जुळवणीविषयी. पुष्कळांची अशी समजूत आहे की, इंजिन जुळविणे म्हणजे वेग वाढविणे. मीही त्या समजुतीत होतो आणि तिचे प्रायश्चित्त मला कोंडाईबारीच्या घाटात मिळाले. सुरतेत आमच्या भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. नवापूरवरून धुळ्याकडे जाणारा रस्ता हा त्यांचा माहेरचा रस्ता. एका एप्रिलमध्ये घरची चार माणसे घेऊन मी त्या रस्त्याने निघालो. आदल्या संध्याकाळी गाडीत थोडी चपळाई यावी म्हणून मी स्वतःच ठिणगीची वेळ किंचित अलीकडे आणली होती. सपाटीवर गाडी छान पळाली आणि मी मनाशी फुशारलो. घाट लागताच मात्र पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येऊ लागला. उष्णतेचा काटा वर चढला. शेवटी गाडी कडेला घ्यावी लागली. मी आमच्या मिस्त्रींना दूरध्वनी केला.

“चढावर वाजतो, का सपाटीवर बी?” त्यांनी विचारले.

“फक्त चढावर.”

“पाय सैल केला की थांबतो?”

“लगेच थांबतो.”

क्षणभर ते गप्प राहिले. मग म्हणाले, “भाऊ, टायमिंगला हात कोणी लावला?”

या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नव्हती. त्यांनी सांगितल्याप्रमाणे इंजिन निवू दिले, पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळले आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर मागे फिरविला. मग सावकाश, आवाज ऐकत ऐकत, आम्ही घाट चढलो.

घडले होते ते असे. सिलिंडरातील मिश्रणाला ठिणगी पडल्यावर ते जळावयास थोडा काळ लागतो. म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पाडतात. ती फार लवकर पडली आणि इंजिनावर भार असला, तर राहिलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दट्ट्यावर जणू घण बसतात. फार उशिरा पडली, तर शक्ती वाया जाते आणि इंजिन तापते. योग्य क्षण या दोहोंमध्ये, अगदी अरुंद जागेत असतो. तीच गोष्ट ‘पॉइंट’च्या फटीची. आमच्या गाडीत ती इंचाच्या पंधरा सहस्रांशाएवढी लागते, मिस्त्रींच्या भाषेत ‘पंधरा थाऊ’. तीच गोष्ट झडपांच्या फटीची आणि कारबोरेटरमधील हवा व पेट्रोल यांच्या प्रमाणाची. यांतील एक बदलले की बाकीच्यांना सरकून जागा द्यावी लागते. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकच ताणून मैफल रंगत नाही. जुळवणीचे मर्म एकाच गुणाच्या वाढीत नसून साऱ्यांच्या मेळात आहे, हे मी त्या घाटात शिकलो.

आमचे हे मिस्त्री मूळचे नंदुरबारकडचे. तरुणपणी उधन्याच्या यंत्रमागांवर ते दुरुस्तीचे काम करीत. शंभर मागांच्या खडखडाटात कोणता माग बिघडला, हे तेथे डोळ्यांआधी कानाला कळावे लागे. तोच कान त्यांनी मोटारींकडे आणला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून, वैद्याने नाडी पाहावी तसे, ते चारही सिलिंडर तपासतात. आता त्यांचा हात कापतो. पॉइंटची फट मोजताना पट्टी मला धरावी लागते. त्यांचा मुलगा नव्या गाड्यांच्या कार्यशाळेत आहे. तो संगणक जोडून दोष शोधतो आणि भाग बदलतो. त्याचे कामही कौशल्याचे आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वडिलांच्या कानात जे साठले आहे ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ज्या दिवशी ते जाईल, त्या दिवशी आमच्या तीन गाड्या तीन शोभेच्या वस्तू होतील.

शोभेची वस्तू होण्याचा धोका दुसऱ्याही बाजूने आहे. 2021 साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशा गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते. ही नोंदणी दहा वर्षे टिकते. जुन्या गाड्यांना कायद्याने ओळख दिली, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु अशी गाडी रस्त्यावर नित्याच्या वापरासाठी आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच तिला मोकळीक आहे. म्हणून माझ्यासारखे काही जण साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन चालू ठेवतात. मोटार उभी राहिली की मरू लागते. रबर वाळते, कारबोरेटरात पेट्रोलचा चिकटा धरतो, ब्रेकचे दट्टे अडकतात. तिचे औषध एकच, ते म्हणजे चालणे.

इंधनही बदलले आहे. 2025 पर्यंत आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर आले. ऊसकऱ्याच्या हिताचे आणि परकीय तेलावरील खर्च वाचविणारे असे हे धोरण आहे. बारडोलीच्या रस्त्याने जाताना दुतर्फा उसाचे मळे पाहिले की त्याचा अर्थ पटतो. परंतु हे इंधन जुन्या रबरी नळ्या मऊ करते, पाणी शोषून घेते, आणि त्यात प्राणवायू असल्यामुळे मिश्रणात पेट्रोलचा अंश थोडा वाढवावा लागतो. आम्ही नळ्या बदलल्या आणि कारबोरेटर नव्याने जुळविला. तक्रार करीत बसण्यापेक्षा हे बरे. टंचाईतून जन्मलेल्या गाडीने नव्या इंधनाशी जमवून घेणे, हे तिच्या स्वभावास धरूनच आहे.

आमच्या बाजूचे दोषही मान्य केले पाहिजेत. या गाड्यांत अपघातापासून संरक्षण फारसे नाही. त्यांचे ब्रेक आजच्या वाहनांच्या तोडीचे नाहीत. त्यांचा धूर नव्या गाड्यांपेक्षा अधिक आहे. म्हणून त्या गर्दीत नेऊ नयेत, अंतर राखून हाकाव्यात आणि त्यांची जुळवणी चोख ठेवावी. बिघडलेली जुनी गाडी धूर ओकीत मिरविणे हा छंद नव्हे, तो उपद्रव होय.

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या रविवारच्या मेळाव्यास तंत्रनिकेतनात शिकणारी दोन मुले आणि एक मुलगी येऊ लागली आहेत. प्रथम ती छायाचित्रे काढावयास आली होती. मिस्त्री त्यांना फार समजावून सांगत नाहीत. ते एका ठिणगी-प्लगची तार काढतात, इंजिन तीन सिलिंडरांवर चालू देतात आणि म्हणतात, “ऐका.” मग तार लावतात आणि पुन्हा म्हणतात, “आता ऐका.” परवा मात्र त्यांनी मुलांना पाठमोरे उभे केले आणि आठांपैकी कोणती तरी एक झडप मुद्दाम सैल केली. दोघे मुलगे गोंधळले. मुलीने डोळे मिटले, थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, “काका, तिसरी.”

मिस्त्रींनी काही उत्तर दिले नाही. पॉइंटची फट मोजावयाची ती पट्टी त्यांनी खिशातून काढली आणि तिच्या हातात दिली.